काळोख कोणाचा? 'प्लॅनेट ऑफ द एप्स' मालिकेतील नकार

विज्ञानकथा म्हणजे पोट भरलेल्यांचे स्वप्नरंजन, असे चळवळीतले माझे अनेक मित्र म्हणतात. त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. मी वाचलेल्या बहुतेक मराठी विज्ञानकथांत माणूस परग्रहावर जातो, काळाच्या मागेपुढे हिंडतो, पण त्याचे आडनाव काही बदलत नाही. त्या यानातला संडास कोण साफ करतो, हा प्रश्न कथाकाराला पडत नाही. असे असूनही मी येथे एका अमेरिकन विज्ञानपटांच्या मालिकेचा विचार करणार आहे. कारण गुलाम पहिल्यांदा बोलेल तेव्हा तो कोणता शब्द बोलेल, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहे. तिने दिलेले उत्तर दलित साहित्याच्या वाचकाला परके वाटणार नाही. तो शब्द आहे 'नाही'.

१९६८ ते १९७३ या काळात 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या नावाखाली पाच चित्रपट निघाले. या मालिकेविषयी सर्वसाधारण मत असे की ती चित्रपटागणिक काळवंडत गेली आणि शेवटच्या चित्रपटात थोडी सौम्य झाली. वरवर पाहता हे बरोबर आहे. पण काळोख ही काही एकजिनसी वस्तू नव्हे. मालकाचा काळोख वेगळा, गुलामाचा वेगळा. पहिल्याला सत्ता जाण्याचे भय असते. दुसरा जन्मापासून त्यातच राहत असतो. मालिकेचा सूर नुसता गडद होत गेला नाही, तर मधल्या टप्प्यावर कॅमेऱ्याने बाजू बदलली. माझ्या मते खरी गोष्ट ती आहे.

मूळ कादंबरी पिएर बूल या फ्रेंच लेखकाची, १९६३ सालची. हा लेखक तरुणपणी मलायातील रबराच्या मळ्यांवर नोकरीस होता. वसाहतीच्या मळ्यावर मालक कोण आणि राबणारा कोण हे त्याने जवळून पाहिलेले होते, हे लक्षात ठेवावे. फ्रँकलिन शॅफनरने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात टेलर हा गोरा अंतराळवीर वानरांच्या राज्यात सापडतो. त्याला जाळ्यात पकडतात, गळ्यात दोरी बांधतात, खच्ची करण्याची धमकी देतात. घशाला जखम झाल्यामुळे त्याची वाचा गेलेली असते. जे गोऱ्यांनी शतकानुशतके इतरांना केले ते येथे एका गोऱ्याला भोगावे लागते, आणि प्रेक्षागृहातील गोरा माणूस शहारतो. शेवटी वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. हा ग्रह दुसरा कोणता नसून आपलीच पृथ्वी आहे, हे टेलरला कळते, आणि तो गुडघ्यावर कोसळतो. जगाच्या चित्रपटसृष्टीत हे दृश्य गाजले. ते प्रभावी आहेच. पण त्यातला शोक मालकाचा आहे. 'आमचे जग गेले' हा तो आक्रोश आहे.

याच चित्रपटातील दुसऱ्या एका दृश्याची चर्चा फारशी होत नाही. टेलरच्या बरोबर आलेल्यांत डॉज नावाचा एक काळा अंतराळवीर आहे. शिकारीत तो मारला जातो, आणि पुढे टेलर वानरांच्या संग्रहालयातून पळत असताना त्याला डॉजचे पेंढा भरलेले शरीर दिसते. गोऱ्याला वाचा परत मिळते, खटला मिळतो, युक्तिवाद मिळतो. काळा मात्र प्रदर्शनातली वस्तू होऊन उभा राहतो. निर्मात्यांनी हे जाणूनबुजून केले की नकळत, याने मला फरक पडत नाही. पडद्यावर जे दिसते तेच आपण वाचायचे.

वानरांचा समाजही समान नाही. धर्म आणि कायदा ओरांगउटानांच्या हाती, विद्या आणि विज्ञान चिंपँझींकडे, बंदूक आणि अंगमेहनत गोरिलांकडे. 'पवित्र ग्रंथ' ओरांगउटानांच्या ताब्यात आहेत, आणि त्यांतील सत्य दडपून ठेवणारा डॉ. झायस हा विज्ञानमंत्री आहे आणि धर्मरक्षकही आहे! एका प्रसंगी एक चिंपँझी तक्रार करतो की राखीव जागांची पद्धत तर रद्द झाली, मग आपल्याला वर का चढू देत नाहीत? आपल्या वाचकाला येथे हसू येईल, पण ते कडवट असेल. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके नेमके चित्र हॉलिवूडने कदाचित न कळतच काढले. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे, म्हणून खालच्याबद्दल कोणालाच आस्था नाही.

१९७०चा 'बिनीथ द प्लॅनेट ऑफ द एप्स' मी लवकर आटोपतो. त्यात युद्धाला विरोध करणारे चिंपँझी रस्त्यावर बसतात आणि गोरिला सैनिक त्यांना ओढून नेतात. व्हिएतनामच्या दिवसांत अमेरिकेत रोज दिसणारे हे दृश्य होते. जमिनीखाली अणुबॉम्बची पूजा करणारी माणसे राहतात. शेवटी बॉम्ब फुटतो आणि पृथ्वी संपते. हा सर्वांत काळा शेवट मानला जातो. मला तो सर्वांत सोपा वाटतो. सगळेच मेले की कोणाचाच हिशेब करावा लागत नाही.

यानंतर खरे वळण येते. पृथ्वीच संपली असता पुढचा चित्रपट काढायचा कसा? पटकथाकार पॉल डेहन यांनी तोडगा काढला. कॉर्नेलियस आणि झिरा हे चिंपँझी जोडपे काळाच्या उलट दिशेने १९७३च्या अमेरिकेत येऊन पोहोचते. 'एस्केप फ्रॉम द प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९७१)चा पूर्वार्ध चक्क विनोदी आहे. शहर त्यांचे कौतुक करते, त्यांना नवे कपडे शिवते, मेजवान्यांना बोलावते. एखाद-दुसरा हुशार अस्पृश्य सभेत मिरवणे कोणत्याही प्रस्थापित समाजाला आवडते. पण झिराला दिवस गेले आहेत हे कळते, आणि सूर पालटतो. पाहुणा एक असेल तर चालतो, त्याला वंश असता कामा नये. सरकारी आयोग ठरवतो की गर्भ पाडावा आणि दोघांचेही निर्बीजीकरण करावे. हे काम शांत आवाजात, टेबलाभोवती बसून, कागदावर होते. पुढे दोघे गोळ्यांना बळी पडतात. मूल तेवढे एका सर्कसवाल्याच्या आसऱ्याने वाचते. पहिल्या चित्रपटात रडलेला प्रेक्षक टेलरसाठी रडला होता. येथे तो वानरांसाठी रडतो.

याच चित्रपटात कॉर्नेलियस आपल्या जमातीचा इतिहास सांगतो. माणसाने वानराला असंख्य वेळा जो एक शब्द ऐकवला, तोच एक दिवस वानराने उलटून माणसाला ऐकवला : नाही. गुलामाला मालकाने दिलेली भाषा दरडावणीची आणि मनाईची. तिच्यातूनच त्याने आपला पहिला शब्द उचलला. 'नकार' हा शब्द आपल्या समीक्षेत आता इतका वापरला गेला आहे की त्याची धार बोथट होऊ लागली आहे. कॉर्नेलियसचे हे बोलणे ऐकताना ती मला पुन्हा जाणवली. आपल्याकडे वानर म्हटले की आठवतो तो समुद्रावर सेतू बांधणारा, मालकाच्या पायाशी हात जोडून बसलेला सेवक. तो 'नाही' म्हणाल्याचे पुराणिकबुवांनी सांगितलेले मला आठवत नाही.

आता 'कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९७२). हा या मालिकेचा गाभा आहे. जे. ली थॉम्पसन यांनी कमी पैशांत, लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटी या काचा-काँक्रीटच्या वस्तीत तो चित्रित केला. कथेतला काळ १९९१. रोगराईने कुत्री-मांजरे मेली, म्हणून माणसांनी वानर पाळले. पाळता पाळता त्यांना कामाला जुंपले. ते झाडतात, पुसतात, बूट चमकवतात, पाणी आणून देतात, आणि चुकले की विजेचा झटका खातात. वाचलेले ते मूल आता तरुण आहे. त्याचा लिलाव होतो. राज्यपाल ब्रेक त्याच्यापुढे एक पुस्तक उघडून धरतो : निवड तुझे नाव. तो बोट ठेवतो 'सीझर'वर. मालकाला हा निव्वळ योगायोग वाटतो. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे मनुस्मृती सांगते, आणि आपल्या आज्यापणज्यांची दगडू, धोंडू, कचरू ही नावे गावाने कशी ठेवली ते आपल्याला माहीत आहे. म्हणून हे बोट ठेवणे मला साऱ्या चित्रपटातले पहिले बंड वाटते, अजून मशालही पेटलेली नसताना.

पुढचा उठाव पाहताना १९६५ सालचे वॉट्स आठवल्याशिवाय राहत नाही. लॉस एंजेलिसच्या त्या काळ्या वस्तीत तेव्हा ३४ माणसे मेली होती. दिग्दर्शकाने ते साम्य लपवलेले नाही. ब्रेकचा सहायक मॅक्डॉनल्ड हा काळा आहे, गुलामांचा वंशज आहे. तो सीझरला वाचवतो, आणि शेवटी त्याच्याकडेच दयेची याचनाही करतो. शिकून व्यवस्थेत शिरलेल्या, पण मनाने खालच्यांकडे ओढल्या जाणाऱ्या माणसाची कुचंबणा हारी रोड्स या नटाने थोड्या शब्दांत उभी केली आहे. शिक्षक आणि कारकून झालेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती भूमिका नीट पाहावी.

आणि ब्रेकची कबुली! वानरांचा एवढा द्वेष का, असे सीझर विचारतो. माणसाच्या आत दडलेला पशू आम्हाला तुमच्यात दिसतो, तुमचा द्वेष करताना आम्ही आमच्याच काळोख्या बाजूचा द्वेष करतो, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. म्हणजे इतके दिवस वानरांच्या अंगावर थापलेला काळोख कोणाचा होता, हे मालकच आपल्या तोंडाने सांगतो.

मूळ शेवटात सीझर जळत्या शहरापुढे मानवी सत्तेच्या अंताची घोषणा करतो आणि वानर ब्रेकला बंदुकांच्या दस्त्यांनी ठार मारतात. चाचणी-खेळाला आलेले प्रेक्षक हादरले. निर्मात्यांनी शेवट बदलला. नव्याने चित्रीकरण करायलाही पैसे नव्हते. रॉडी मॅक्डोवॉलच्या आवाजात क्षमेचे आणखी एक भाषण ध्वनिमुद्रित केले आणि सीझरच्या डोळ्यांच्या जवळून घेतलेल्या चित्रांवर ते चढवले. ओठ दिसू दिले नाहीत, कारण ते ते शब्द बोललेच नव्हते. गुलामाच्या तोंडी करुणा घातली, तीही त्याचे तोंड झाकून! हिंसेचे समर्थन करण्यासाठी मी हे लिहीत नाही. बुद्धाची करुणा आपणही मानतो. पण ती आपल्या मनातून उगवावी लागते. मालकाच्या तिकीटबारीच्या सोयीसाठी ती वरून चिकटवता येत नाही. मूळ शेवट २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत पाहता येतो. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. सीझरशी तिचा काही संबंध नव्हता. पण 'तुमचे म्हणणे रास्त आहे, भाषा तेवढी सौम्य करा', हा उपदेश तिलाही पहिल्या दिवसापासून ऐकावा लागला.

एका आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. काळ्यांच्या मुक्तीची कथा वानरांच्या रूपाने सांगावी का? ज्या शिवीने काळ्या माणसाला शतकानुशतके हिणवले, तीच येथे रूपक झाली आहे. १९०६ साली ओटा बेंगा नावाच्या काँगोच्या माणसाला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात ठेवले होते. मॅक्डॉनल्डसारखे पात्र सीझरच्या शेजारी उभे केल्याने हा दोष थोडा सौम्य होतो, पण पुसला जात नाही. आमची वेदना सांगायला आम्हाला पशूचा मुखवटा लागत नाही. दलित आत्मकथनांनी हे केव्हाच सिद्ध केले आहे. रूपकाची गरज त्या प्रेक्षकाला होती, ज्याने काळ्या सीझरला तिकीट काढून पाहिले नसते.

१९७३चा 'बॅटल फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स' हा माघारीचा चित्रपट आहे. खलनायक आता वानरांतलाच अल्डो हा गोरिला. सीझर मवाळ झालेला. शेवटी माणसांची आणि वानरांची मुले एकत्र बसून धडा ऐकतात आणि सीझरच्या पुतळ्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. तो आनंदाचा की दुःखाचा, यावर रसिक वाद घालतात.

२०११ पासून ही कथा नव्याने सांगितली जात आहे. तंत्र थक्क करणारे आहे, आणि २०११च्या चित्रपटात सीझर मोठ्याने 'नाही' म्हणतो तो क्षण अंगावर येतो. पण २०१४च्या 'डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये अल्डोची जागा कोबा घेतो. प्रयोगशाळेत चिरफाड झालेला हा वानर माणसांच्या कामाची गोष्ट निघताच आपल्या अंगावरचे एकेक व्रण बोटाने दाखवतो : हे माणसाचे काम, हेही माणसाचे काम. समजूतदार सीझर एका बाजूला आणि आततायी कोबा दुसऱ्या बाजूला अशी वाटणी पटकथा करते, आणि शेवटी कड्यावर लोंबकळणाऱ्या कोबाला सीझर सांगतो की तू वानरच नव्हेस. मग त्याचा हात सोडतो.