रापण आणि रंगपेटी

सुटीवर निघालेल्या कुटुंबाच्या सामानात रंगपेटी असली, तर तिच्याविषयी कोणी फारसा गंभीर विचार करीत नाही. मुलांचा वेळ बरा जाईल, एवढीच अपेक्षा असते. निसर्गचित्राकडे पाहण्याची आपली एकंदर वृत्तीही याहून निराळी नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर पवित्र चित्रांना मानाचे स्थान असते. आंजेलो द फोन्सेका यांनी मरियामातेला भारतीय वेशात रंगविले, तेव्हा त्यावर वाद घालण्याइतकी आस्था आपल्या समाजाने दाखविली. समुद्राचे चित्र मात्र आपल्याकडे दिनदर्शिकेचे पान म्हणून येते आणि वर्ष सरले की रद्दीत जाते. निसर्गचित्र ही खरोखरच केवळ शोभेची वस्तू आहे काय? गेल्या उन्हाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर सहकुटुंब घालविलेल्या आठ दिवसांनी हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. त्याचे उत्तर शोधताना मला प्रल्हाद अनंत धोंड यांच्या सागरचित्रांकडे पुन्हा वळावे लागले.

धोंड (1908–2001) हे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, पुढे तेथलेच शिक्षक आणि अधिष्ठाता. जलरंग हे त्यांचे माध्यम आणि कोकणचा समुद्र हा त्यांचा आवडता विषय. जलरंगाची रीत तैलरंगाच्या उलट आहे. तैलरंगात चुकलेल्या जागेवर पुन्हा रंग चढविता येतो आणि उजेड शेवटी पांढऱ्या रंगाने आणता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगविलेला कागद. लाटेवरची चमक हवी असेल, तर ती जागा आरंभापासूनच कोरी सोडावी लागते. म्हणजे काय रंगवायचे नाही, हे चित्रकाराला आधी ठरवावे लागते. त्यातच भर उन्हात, खाऱ्या वाऱ्यात कागदावरचे पाणी पाहता पाहता सुकते आणि नको तेथे कडा उमटते. धोंडांच्या चित्रांतील वेग ही हौस नव्हे; माध्यमाने आणि हवेने घातलेली ती अट आहे. ओल्या कागदावर पसरणारे करडे-निळे आभाळ, खाली पाण्याचा आडवा पट्टा, त्यात उजेडाची एक कोरी रेघ आणि एखाद्या होडीचा गडद ठिपका, एवढ्यावर त्यांचा समुद्र उभा राहतो.

याच धोंडांनी जे. जे.च्या आठवणींचे एक पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘रापण’. ज्यांनी मालवणचा किनारा पाहिला आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांतली माणसे ते दोर ओढीत हळूहळू एकमेकींजवळ येतात. जाळ्यात बांगडा येतो, तारली येते, खेकडा येतो आणि शेवाळही येते. आधी निवड होत नाही. जे सापडले ते सारे वाळूवर येते. धोंडांचे पुस्तकही तसेच आहे. त्यात शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, संस्थेतली लहानथोर माणसे आहेत, गुण आहेत आणि दोषही आहेत.

येथेच धोंडांविषयीचा माझा आक्षेप सुरू होतो. लेखक धोंड माणसांवर इतके लुब्ध; मग चित्रकार धोंडांच्या किनाऱ्यावर माणूस म्हणजे कुंचल्याचे दोन-तीन फटके एवढाच का असावा? ज्याच्या श्रमावर हा किनारा जगतो, तो मासेमार चित्रात होडीशेजारचा ठिपका होऊन राहतो. शिवाय एकाच विषयाची शेकडो चित्रे करणाऱ्याचा हात कधीतरी डोळ्यांच्या पुढे धावू लागतो. तसे झाले की समुद्र पाहिला जात नाही, फक्त वठविला जातो. धोंडांचे सारेच काम या दोषापासून मुक्त आहे, असे मला म्हणता येणार नाही. पर्यटकाच्या कॅमेऱ्याविरुद्ध जी तक्रार आपण करतो, की त्याला देखावा हवा असतो आणि देखाव्यातला माणूस नको असतो, ती या चित्रांविरुद्धही करता येईल, असे मी बरीच वर्षे मानीत आलो.

हा आक्षेप घेऊनच मी चिवल्याच्या किनाऱ्यावर बसलो होतो. तेरा वर्षांची माझी पुतणी शेजारी चित्र काढीत होती. पहिल्या दोन दिवसांत तिने आणि मी काढलेला समुद्र सारखाच निळा होता. सकाळी दहाच्या सुमारास तो निळा नसतोच. काठाशी वाळूमिश्रित, मध्ये हिरवट करडा आणि क्षितिजाजवळ इतका फिका की आभाळ कोठे सुरू झाले ते कळू नये. आम्ही दोघांनीही समोरचा समुद्र सोडून दिनदर्शिकेवरचा रंगविला होता. तिसऱ्या दिवशी रापण लागली. यांत्रिक नौका वाढल्यापासून रापण पूर्वीसारखी नित्याची राहिलेली नाही, म्हणून आम्ही घाईने कागद ताणून बसलो. पुतणीने दोर ओढणाऱ्यांची रांग काढली. माणसे ओळीने ताठ उभी होती. शाळेच्या प्रार्थनेला असतात तशी.

तेवढ्यात रांगेतल्या एका वृद्ध बाईने तिला हाक मारली, “ये गो चेडवा, जरा दोर धर.” ती गेली. फलकावरचा रंग सुकून गेला, आभाळाच्या मध्यभागी एक वेडीवाकडी कडा उमटली आणि चित्र वाया गेले. अर्ध्या तासाने ती परतली, ती तळहात लाल करून आणि मूठभर तारल्यांचा वाटा घेऊन. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो. नंतर दुसऱ्या कागदावर तिने तीच रांग पुन्हा काढली. प्रत्येक माणूस कुंचल्याच्या एकाच फटक्याचा होता. ना चेहरा, ना बोटे. परंतु आता प्रत्येक फटका मागे कललेला होता. टाचा वाळूत रोवून, सारा भार पाठीमागे टाकून दोर ओढावा लागतो, हे तिच्या पाठीला कळले होते आणि पाठीकडून ते हातात उतरले होते.

माझा आक्षेप त्या दिवशी संपला नाही, पण बदलला. माणूस एका फटक्यात आला की त्याचा अवमान होतो, हे माझे गृहीत चुकीचे होते. प्रश्न फटके किती हा नसून, त्या फटक्यात माणसाचा भार उतरला आहे की नाही, हा आहे. धोंडांची चित्रे याच कसोटीवर एकेक करून पाहिली पाहिजेत. जेथे होडीशेजारचा ठिपका केवळ रचना तोलण्यासाठी येतो, तेथे तो रिकामा आहे. जेथे त्याच्या कलण्यातून वारा, ओझे किंवा थकवा जाणवतो, तेथे त्याला चेहऱ्याची गरज उरत नाही. मग त्यांचे पुस्तक आणि त्यांची चित्रे परस्परविरोधीही वाटत नाहीत. लेखणीने त्यांनी सारे ओढून घेतले, कुंचल्याने बहुतेक सारे सोडून दिले. ज्याने भरपूर गोळा केले आहे, त्याच्याच सोडण्याला अर्थ असतो.

याच जिल्ह्यातल्या सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रातली स्त्री म्हणजे त्यांची कन्या. तेथे ज्योतीपुढे हात धरून उजेड सांभाळलेला आहे. बाहेर, समुद्रापुढे, उजेड असा कोणाच्या ओंजळीत राहत नाही. ढग सरकला की चित्र बदलले. दोन्ही चित्रांना कौशल्य लागते. परंतु उघड्यावर बसणाऱ्याला एक गोष्ट अधिक शिकावी लागते, ती म्हणजे आपल्यासाठी काहीही थांबणार नाही हे मान्य करणे.

म्हणून सुटीच्या सामानातील रंगपेटीला मी आता करमणूक म्हणत नाही. चित्र बरे येते की नाही, हा पुढचा प्रश्न. एका जागी तासभर बसून समोरचा रंग आपण समजत होतो तो नाही, एवढे जरी मुलांना उमगले, तरी ते शिक्षण आहे. आणि कोणी दोर धरायला बोलावले तर चित्र वाया जाऊ देऊन उठावे, हे त्याहून मोठे. पुतणीची दोन्ही चित्रे आमच्या घरात आहेत. पाहुणे दुसऱ्याचे कौतुक करतात. ती स्वतः मात्र कडा उमटलेले पहिले चित्र वहीत जपून ठेवते.