राज्यगीताबाहेरचे शाहीर साबळे

‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ पासून राज्यगीत आहे. दर १ मे रोजी शिवाजी पार्कवर ते वाजतं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, कृष्णराव साबळे यांचा आवाज. राज्यगीतात त्यातली दोनच कडवी घेतली आहेत, जेमतेम पावणेदोन मिनिटांची. माझ्या वयाच्या बहुतेकांना शाहीर साबळे ठाऊक आहेत ते एवढेच. खणखणीत, आणि थोडे पुतळ्यासारखे.

आता हेडफोन लावून त्यांचं ‘विंचू चावला’ ऐका. भारूड एकनाथांचं. साबळे चक्क विव्हळतात, कण्हतात, आपण हसतो. मग कळतं की हा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि तो आपल्यालाही चावलाय. तोवर हसून झालेलं असतं. आधी हसवून बेसावध करायचं आणि मग नांगी मारायची, हे त्यांचं खरं कसब. राज्यगीतात त्याला जागाच नाही.

मुक्तनाट्यांत होती. ‘आंधळं दळतंय’ हे नावच बघा. म्हण अर्धीच सांगितली आहे. ‘कुत्रं पीठ खातंय’ हे प्रेक्षकाने मनात म्हणायचं. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला दळणारा कोण हे सांगावं लागत नव्हतं. प्रश्न होता पीठ खाणाऱ्याचा. १९६६ मध्ये शिवसेना आली आणि त्याचं उत्तर ‘दाक्षिणात्य कारकून’ असं मिळालं. गिरणीमालक त्यातून अलगद सुटले. नाटकाचा डंख खरा होता, पण तो चुकीच्या माणसाला बसू शकत होता, असं मला वाटतं. साबळ्यांवर लिहिताना हा भाग गाळणं म्हणजे त्यांना पुन्हा पुतळा करणं.

नातू केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) इथेच कमी पडतो. अंकुश चौधरी मेहनत घेतो, गाणी लिहिणाऱ्या भानुमतीबाईंना सिनेमा जागा देतो, ते चांगलंच. पण आजोबांवरचं प्रेम सगळे कोपरे घासून गुळगुळीत करतं. रील्सवर गाजलं ते ‘बहरला हा मधुमास’. गोड गाणं आहे, मीही लूपवर ऐकलंय. शाहिरावरच्या सिनेमातल्या या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात शाहिरी मात्र औषधालाही नाही.

त्यापेक्षा त्यांचं ‘या गो दांड्यावरून’ नशीबवान. ते अजून हळदीत वाजतं, लोक घामाघूम होऊन नाचतात, आणि त्यासाठी कुणाला ताठ उभं राहावं लागत नाही.