सिमेंटच्या गोणी आणि सिनेमातला पत्रकार

शोधपत्रकारितेवरचा कुठलाही सिनेमा आठवा. रात्रीचं ऑफिस, कुजबुजणारा खबऱ्या, हाती लागलेली एक फाइल किंवा फोटो, आणि सकाळी पहिल्या पानावर मथळा. पुरावा म्हणजे कुणीतरी लपवलेली वस्तू, ती सापडली की काम फत्ते! संशोधन करणाऱ्याला हे चित्र खटकतं. पुरावा असा सापडत नाही हो, बहुतेक वेळा तो जुळवावा लागतो.

उदाहरणासाठी दिवेआगरहून फार लांब जायला नको. आमच्या श्रीवर्धनचे आमदार राहिलेले बॅ. ए. आर. अंतुले 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. माल कमी, कोटा सरकार ठरवणार आणि काळ्या बाजारात भाव चढा. म्हणजे सिमेंटचा परवाना हाच पैसा. ऑगस्ट 1981 मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं की अंतुलेंच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना बिल्डर देणग्या देतात आणि त्यांना सिमेंट मिळतं.

आता यातली गंमत बघा. न्यासाला देणगी देणं गुन्हा नाही. सिमेंट मंजूर करणं तर सरकारचं कामच. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर निर्मळ. काळंबेरं दिसतं ते दोन याद्या शेजारी ठेवल्यावर. आमच्या भाषेत हा सहसंबंध झाला, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हा आक्षेप लगेच येतो. तो योग्यही आहे. म्हणून बातमीवर भागलं नाही. पी. बी. सामंत उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला. अंतुलेंना राजीनामा द्यावा लागला.

या मोजपट्टीवर आपले सिनेमे लावून पाहू.

‘जाने भी दो यारो’ (1983) त्याच मुंबईतला, बिल्डर आणि अधिकाऱ्यांच्या साटंलोट्यावरचा. धमाल आहे, पण पुरावा तोच सिनेमावाला: एक फोटो आणि एक प्रेत. ते मिळवायचं, हरवायचं, पुन्हा पळवायचं. मात्र एक गोष्ट तो बिनचूक सांगतो. सत्य हाती असूनही शेवटी तुरुंगात जातात ते दोघे फोटोग्राफर.

‘सिंहासन’ (1979) प्रकरणाच्या आधीचा. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस काही शोधून काढतच नाही, त्याला सगळं आधीच माहीत असतं. मला हा जास्त खरा वाटतो. राजकारणात गुपितं कमी असतात, अनेकांना ठाऊक असलेल्या पण कुणी कागदावर न मांडलेल्या गोष्टी जास्त. फक्त मांडल्यानंतर काय होतं, हे दिगूच्या वाट्याला येत नाही.

‘स्कॅम 1992’ ही 2020 मधली वेबमालिका, घोटाळाही राजकीयपेक्षा आर्थिक. पण बँकांमधले रोख्यांचे व्यवहार कसे चालायचे, फट नेमकी कुठे होती, हे समजावायला ती थांबते. बातमीइतकीच यंत्रणाही महत्त्वाची, हे तिला कळलंय.

तरी एक गोष्ट या तिन्हींमध्ये नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. सिनेमातल्या भ्रष्ट नेत्याला मतदारसंघ नसतो. असलाच तर फसवलेला किंवा विकत घेतलेला. आमच्याकडे आजही ‘अंतुलेसाहेब’ म्हणतात ते मनापासून. त्यांनी कुलाब्याचं रायगड केलं, निराधारांसाठी संजय गांधी योजना आणली, कोकणाला मंत्रालयात विचारणारा कुणीतरी आहे असं वाटायला लावलं. फौजदारी खटला कुणी चालवायचा, परवानगी लागते का, या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 1984 आणि 1988 मध्ये आले. 1989 मध्ये लोकांनी त्यांना कुलाब्यातून लोकसभेत पाठवलं. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण लेंटिन यांचा निकाल खरा आणि या लोकांची कृतज्ञताही खरी. दोन्ही एकाच पडद्यावर दाखवणारा सिनेमा लिहायला अवघड आहे, कारण त्यात प्रेक्षकाला सुटका नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा सिनेमा बघाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. गैरव्यवहार नेमका कोणत्या नियमाच्या आडून चालला, हे मला कळलं का? आणि ज्यांचं त्या नेत्याने भलं केलं, ते लोक पडद्यावर कुठे आहेत? दुसऱ्याचं उत्तर मिळालं, तर सिनेमाचं नाव मला नक्की कळवा.