उद्याच्या वारसांची वाणी : एक समीक्षा

हवामानबदलाच्या जागतिक चर्चेत तरुणांच्या वाणीला गेल्या तीन दशकांत मानाचे स्थान मिळाले आहे. तिचे कौतुक करणे सोपे आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने कौतुकापाशी थांबणे योग्य नव्हे. बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि ऐकणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व टाकतो, हे तीन प्रश्न कोणत्याही वक्तृत्वाला विचारावे लागतात. तेच प्रश्न या वाणीला विचारण्याचा, आणि मिळालेली उत्तरे भंडारा जिल्ह्याच्या भूमीवर पारखून पाहण्याचा, प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वाणीचा एक ठळक आरंभ 1992 साली रिओ द जानेरो येथील वसुंधरा परिषदेत दिसतो. कॅनडाची बारा वर्षांची सेव्हर्न कलिस-सुझुकी तेथे बोलली. आपण येणाऱ्या पिढ्यांच्या, उपाशी मुलांच्या आणि मुक्या प्राण्यांच्या वतीने बोलत आहो, अशी तिची भूमिका होती. या भाषणाचे बळ निरागसतेत आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. निरागस वाणी ऐकून सभा हेलावते. पण हेलावलेली सभा कशाला बांधली जात नाही. श्रोत्यांचे डोळे पाणावले की आपले कर्तव्य पार पडले, असे त्यांना वाटू लागते.

ग्रेटा थुनबर्गने 23 सप्टेंबर 2019 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून केलेले भाषण या दृष्टीने एक पाऊल पुढचे आहे. त्यात आर्जवाची जागा आरोपाने घेतली असून भाषणाच्या मध्यभागी आकडे आहेत. तापमानवाढ दीड अंशाच्या आत राखण्याची 67 टक्के शक्यता टिकवावयाची, तर 1 जानेवारी 2018 रोजी जगाच्या हाती 420 गिगाटन कर्बवायू सोडण्याची मुभा उरली होती, आणि ती आता 350 गिगाटनांच्याही खाली आली आहे, असा हिशेब तिने मांडला. तरीही प्रसिद्धी मिळाली ती रागाला. हिशेब मागे राहिला. हा दोष वक्तीचा नव्हे, श्रोत्यांचा होय.

त्याच दिवशी बारा देशांतील सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच राष्ट्रांविरुद्ध तक्रार दाखल केली. भारताची रिधिमा पांडे त्यांत होती. राज्याच्या उत्सर्जनाने सीमेपलीकडील मुलांची हानी झाल्यास त्या राज्यावर जबाबदारी येऊ शकते, हे तत्त्व समितीने 2021 साली मान्य केले. मात्र देशांतर्गत न्यायाचे मार्ग आधी चोखाळले नाहीत, म्हणून तक्रार फेटाळली. येथे वाणीला प्रथमच नेमका श्रोता व नेमका प्रतिवादी लाभला, हे महत्त्वाचे. निर्णय विरुद्ध गेला, तरी उत्तर द्यावे लागले.

महाराष्ट्रातील आरे प्रकरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका मानून 7 ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. आवश्यक तेवढी झाडे तोपर्यंत तोडून झाली आहेत, असे शासनाने सांगितले. म्हणून यश अपुरेच म्हणावे लागते. पण पत्राला स्थळ होते, काळ होता आणि उत्तर देण्यास बांधलेला वाचक होता. वक्तृत्वाने जे साधत नाही, ते नेमकेपणाने साधते.

आता भंडाऱ्याकडे वळू. या तळ्यांच्या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलावांना लोक संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. पावसाने ऐन भाद्रपदात ओढ दिली, तर हेच पाणी धान वाचविते. तत्कालीन मध्यप्रदेशात मालगुजारी संपविणारा 1950 चा कायदा पुढील वर्षी अमलात आला. तलावांची मालकी शासनाकडे गेली, आणि गाळ काढणे, पाळ राखणे ही गावाची कामे हळूहळू मागे पडली. दुसऱ्या बाजूस, 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने अनेक गावे उठविली; आणि 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला.

येथे जागतिक वाणीचे एक उणेपण लक्षात येते. तिचे व्याकरण भविष्यकाळाचे आहे : आमचे उद्या हिरावले जात आहे, असे ती म्हणते. भंडाऱ्याच्या तरुणाची तक्रार भूतकाळात रुजलेली व वर्तमानात भोगावी लागणारी आहे. त्याला उद्याचा वारस म्हणून गौरविणे म्हणजे आजचा हक्कदार म्हणून त्याला नाकारणेच होय. शिवाय जागतिक व्यासपीठाची भाषा बहुधा इंग्रजी. झाडीबोलीतील तक्रार तेथे पोहोचेतो अनुवादात तिचे धारदार शब्द बोथट होतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. पाणी, पाळ व पीक यांची तिची शब्दसंपत्ती म्हणजे पर्यावरणाच्या ज्ञानाचा ठेवाच आहे.

यावर असा आक्षेप येईल की, स्थानिक तक्रारीने जगाचे तापमान उतरत नाही. आक्षेप खरा आहे. जागतिक हाकेवाचून स्थानिक पत्र एकाकी पडते, हेही खरे. परंतु स्थानिक पत्रावाचून जागतिक हाक निराधार राहते, हे त्याहून खरे आहे. गावच्या तलावातील गाळाची नोंद घेऊन जिल्हा परिषदेला लेखी उत्तर मागणारा विद्यार्थी त्या मोठ्या वाणीचाच एक अवयव आहे. त्याचे निवेदन टाळ्या मिळविणार नाही. त्याला उत्तर मिळते की नाही, यावरच या साऱ्या वाणीची किंमत अखेर ठरावयाची आहे.