सरासरी नेमकी कोणाची? अन्ननलिकेची शस्त्रक्रिया, हाडं आणि आपलं पेपर वाचणं

अन्ननलिकेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची हाडं पाच वर्षांनी कशी असतात? पूर्वी हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे, कारण तेवढी वर्षं जगणारेच थोडे असत. 2012 साली नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीचे निष्कर्ष आले. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण 24 महिन्यांपेक्षा जास्त जगले होते. आधी केमो-रेडिएशन मिळालेल्या गटात हाच आकडा 49.4 महिने होता. आयुष्य वाढलं, तसा हाडांचा प्रश्नही पुढे आला.

शंका रास्तच आहे. अन्ननलिका काढून जठराची नळी करून ती वर छातीत ओढतात. खाणं कमी होतं, वजन उतरतं, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या अनेकांना वर्षानुवर्षं चालू राहतात. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व कमी पडायला एवढं पुरेसं आहे.

माझा आक्षेप आहे तो मोजण्याच्या पद्धतीवर. कॅन्सर उलटला का, हे बघायला काढलेल्या जुन्या सीटी स्कॅनमधून कमरेच्या पहिल्या मणक्याची घनता मोजायची, ही युक्ती छान आणि स्वस्त आहे. पण आता एक काल्पनिक उदाहरण बघा. शस्त्रक्रियेआधी 100 रुग्णांची सरासरी 140 युनिट. पाच वर्षांनी 40 जण हयात, त्यांची सरासरी 130. म्हणजे घट फक्त 10? थांबा. या 40 जणांची सुरुवातीची सरासरी काढली आणि ती 155 निघाली तर? मग खरी घट 25 आहे. जे जगले ते बहुधा मुळातच वयाने लहान, धडधाकट होते. आपण दोन वेगळ्या गटांची तुलना केली आणि तिला 'बदल' म्हणालो.

दुसरी गोष्ट. शिरेतून डाय देऊन काढलेल्या सीटीत मणक्याचा आकडा वाढतो. आधीचा स्कॅन डायशिवाय आणि नंतरचा डायसकट असेल, तर झीज झाकली जाते. तिसरी, वयाने होणारी झीज. शस्त्रक्रिया न झालेला, त्याच वयाचा गट शेजारी नसेल, तर दोष नेमका शस्त्रक्रियेचा कसा म्हणणार?

हे नुसतं आकड्यांचं भांडण नाही. 'घट किरकोळ आहे' असं छापून आलं, की डॉक्टर डेक्सा तपासणी लिहून देत नाहीत. कॅन्सरमधून वाचलेला माणूस मग एक दिवस बाथरूममध्ये घसरतो आणि खुबा मोडून बसतो.

म्हणून पुढचा पेपर उघडाल तेव्हा निष्कर्षाच्या आधी आलेखाखालची रुग्णसंख्या बघा. ती दरवर्षी घटत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा: गळालेले कोण होते, आणि उरलेल्यांचा सुरुवातीचा आकडा कुठे दिलाय?