विनामूल्य प्रवेश आणि वास्तूचे मूल्य : ग्लासगोच्या आधुनिक कलादालनाचे एक वाचन

१

कलादालन म्हणजे कलाकृती टांगण्याची निव्वळ जागा नव्हे. कलाकृतीकडे कसे पाहावे ह्याचे संकेत घडविणारी ती एक व्यवस्था असते, हा विचार कलासमीक्षेत आता पुरेसा रुळला आहे. ब्रायन ओ'डोहर्टी ह्यांनी १९७६ मध्ये आधुनिक दालनाच्या पांढऱ्या, निर्विकार भिंतींची चिकित्सा केली आणि ह्या भिंती कलाकृतीला काळापासून तोडून तिच्याभोवती एक कृत्रिम सनातनता निर्माण करतात, हे दाखवून दिले. कॅरल डंकन ह्यांनी १९९५ मध्ये संग्रहालयाच्या भेटीची मांडणी एक नागरी विधी म्हणून केली. देवळासारखा दर्शनी भाग, पायऱ्या, आतील शांतता आणि ठरलेला मार्ग ह्यांतून प्रेक्षकाला एका विशिष्ट प्रकारचा नागरिक म्हणून घडविले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ह्या दोन्ही विवेचनांत दालन आपला इतिहास झाकते, असे कमीअधिक प्रमाणात गृहीत धरलेले आहे.

परंतु जे आधुनिक कलादालन एखाद्या जुन्या वास्तूत वसविले जाते, त्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो. तेथे भिंत कोरी नसते. तिच्यावर आधीच काही लिहिले गेलेले असते आणि नव्या दालनाचा मजकूर त्या जुन्या मजकुरावर लिहावा लागतो. त्यातच अशा दालनाचा प्रवेश सर्वांना विनामूल्य असला, तर त्या वास्तूच्या अर्थव्यवहारात आणखी एका शब्दाची भर पडते. मराठीत 'मूल्य' हा शब्द किंमत आणि श्रेयस ह्या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'विनामूल्य' म्हणताना केवळ पहिला अर्थ अभिप्रेत असतो. दुसरा मात्र मागे शिल्लक राहतो आणि प्रश्न विचारत राहतो. दारावर किंमत घेतली जात नाही, तेव्हा आत कोणते मूल्य दिले जाते? आणि ती किंमत दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कोठे, आधीच मोजलेली असते काय? स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या 'गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट' ह्या दालनाच्या संदर्भात हे प्रश्न तपासून पाहण्यासारखे आहेत.

२

हे दालन १९९६ मध्ये खुले झाले. वास्तू मात्र त्याहून दोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. तिचा गाभा म्हणजे विल्यम कनिंगहॅम ह्या व्यापाऱ्याने १७७८ मध्ये पूर्ण करविलेला प्रासाद. कनिंगहॅम हा ग्लासगोतील तथाकथित 'तंबाखू-सरदारां'पैकी एक होता. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये येणाऱ्या तंबाखूचा फार मोठा वाटा क्लाइड नदीच्या मुखातून आत येई आणि हा तंबाखू व्हर्जिनिया व मेरीलँड येथील मळ्यांवर गुलाम आफ्रिकी माणसांच्या श्रमांतून पिके. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पुरवठा आटला तेव्हा ज्यांच्या वखारीत साठा होता त्यांना चढ्या भावाचा लाभ झाला. कनिंगहॅम त्यांपैकी होता. ह्या वास्तूच्या आसपासचे रस्ते आजही व्हर्जिनिया, जमेका, ग्लासफर्ड, ब्यूकॅनन अशी नावे मिरवतात. त्यांपैकी काही नावे मळ्यांच्या प्रदेशांची आहेत, तर काही मळ्यांतून आलेला माल विकणाऱ्यांची. त्या मळ्यांत राबणाऱ्यांचे नाव मात्र ह्या नकाशात कोठे येत नाही.

१८१७ मध्ये हा प्रासाद रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या ताब्यात गेला. १८२७ नंतर वास्तुकार डेव्हिड हॅमिल्टन ह्यांनी त्याचे रूपांतर 'रॉयल एक्स्चेंज'मध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या देवघेवीच्या सभागृहात केले. पुढे कॉरिंथियन शैलीच्या उत्तुंग स्तंभांची देवडी आली आणि मागे एक भव्य स्तंभयुक्त दालन उभे राहिले. डंकन ज्या देवळाच्या रूपाची चर्चा करतात ते रूप येथे कलेसाठी नव्हे, तर बाजारासाठी घडविले गेले होते, ही बाब महत्त्वाची आहे. कलेने ह्या वास्तूत पाऊल ठेवले तेव्हा पावित्र्याचा सारा थाट तिला बाजाराकडून आयता मिळाला. १९५४ मध्ये येथे स्टर्लिंग ग्रंथालय आले आणि चार दशके ही वास्तू वाचकांची झाली. म्हणजे घर, बँक, बाजार, ग्रंथालय आणि कलादालन असा हा क्रम आहे. त्याकडे खाजगी संपत्तीकडून सार्वजनिक संस्कृतीकडे झालेला प्रवास म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु असे सरळ रेषेतील कथन नेमके काय वगळते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ह्या क्रमात मालक बदलले, उपयोग बदलला. दगड तेच राहिले आणि त्या दगडांच्या मागची देणीही तशीच राहिली.

३

१९९६ मधील दालनाची मांडणी अग्नी, पृथ्वी, जल आणि वायू ह्या चार तत्त्वांना एकेक मजला देऊन केलेली होती. दर्शनी त्रिकोणी शिरोभागावर नीकी द सँ फाल ह्यांनी आरशांच्या तुकड्यांची चमकदार रचना केली. ही योजना ज्यांच्या काळात आकाराला आली ते ग्लासगो संग्रहालयांचे तत्कालीन संचालक ज्युलियन स्पाल्डिंग ह्यांची भूमिका उघडपणे लोकाभिमुख होती. सामान्य माणसाला पाहताक्षणी भिडेल, ज्यासाठी सिद्धान्ताची शिदोरी लागणार नाही, अशी कला त्यांना हवी होती. बेरिल कुक ह्यांच्या गुबगुबीत, हसऱ्या माणसांच्या चित्रांना तेथे स्थान मिळाले; पीटर हाउसन ह्यांच्यासारख्या ग्लासगोच्या आकृतिप्रधान चित्रकारांनाही मिळाले. ह्याउलट ग्लासगोतच घडलेल्या संकल्पनावादी पिढीकडे पाठ फिरविली गेली, असा आक्षेप तेव्हा जोरदारपणे घेतला गेला. त्याच पिढीतील डग्लस गॉर्डन ह्यांना त्याच वर्षी, १९९६ मध्ये, टर्नर पारितोषिक मिळाले, हा योगायोग त्या आक्षेपाला धार देणारा ठरला. पुढील काळात दालनाचे धोरण बदलले आणि समकालीन प्रयोगशील कलेला तेथे जागा मिळाली.

हा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. लोकप्रिय आणि श्रेष्ठ, सुबोध आणि दुर्बोध ह्या जोड्यांभोवती मराठी समीक्षेनेही दीर्घकाळ वाद घातले आहेत. अशा वादांत बहुधा दोन्ही बाजू 'लोक' नावाचा एक कल्पित घटक निर्माण करतात. एक बाजू त्याच्या वतीने बोलते, तर दुसरी त्याला शिक्षण देऊ पाहते. स्पाल्डिंग ह्यांच्या भूमिकेतही ही अडचण आहेच. लोकांना काय भिडेल हे आधीच ठरविणारा संचालक शेवटी लोकांच्या अभिरुचीचा विश्वस्त बनतो. तरीही त्यांच्या टीकाकारांनी ह्या भूमिकेमागचा प्रश्न पुरेसा गंभीरपणे घेतला, असे म्हणता येत नाही. तो प्रश्न असा : दार उघडे ठेवूनही जो आत येत नाही, त्याचे काय?

पिएर बूर्द्य आणि अलँ दार्बेल ह्यांनी १९६६ मध्ये युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकवर्गाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्याचा निष्कर्ष ह्या संदर्भात अजूनही अस्वस्थ करणारा आहे. संग्रहालयात कोण जाते हे मुख्यतः तिकिटाच्या किमतीवरून ठरत नाही, शिक्षणातून व घरातून मिळालेल्या सांस्कृतिक भांडवलावरून ठरते, असे त्यांनी दाखविले. किंबहुना विनामूल्य प्रवेश ही व्यवस्थेसाठी सोयीची गोष्टही ठरू शकते. दार सर्वांना उघडे असूनही जो येत नाही त्याची गैरहजेरी मग त्याच्याच रुचिहीनतेच्या खाती मांडता येते.

ग्लासगोच्या वास्तूत ह्या निष्कर्षाला छेद देणारी एक जागा आहे. तळघरात सार्वजनिक ग्रंथालय आहे. पुस्तक बदलायला, वर्तमानपत्र चाळायला आलेला माणूस कलेचा आस्वादक म्हणून आलेला नसतो. पण तो वास्तूत असतो. वर जायचे की नाही हे तो ठरवितो आणि न गेल्यास त्याला कमीपणा येत नाही. आस्वादकाच्या भूमिकेत शिरण्याची सक्ती न करता वास्तूत वावरण्याचा हक्क देणे, हा 'खुले' ह्या शब्दाचा 'विनामूल्य'हून सखोल अर्थ आहे. ह्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवण्याजोगे आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात बँक्सी ह्या अनामिक भित्तिचित्रकाराचे 'कट अँड रन' हे प्रदर्शन ह्याच दालनात भरले. रस्त्यावरच्या भिंतीवर, कोणालाही कधीही पाहता येईल अशा रीतीने घडलेल्या कलेचे हे प्रदर्शन सशुल्क होते. जी कला बाहेर विनामूल्य होती, तिने विनामूल्य वास्तूत शिरताच किंमत धारण केली.

४

बँक्सीने ग्लासगोची निवड करताना ज्या गोष्टीचा गौरव केला ती दालनाच्या आत नाही, पायऱ्यांसमोर आहे. तेथे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा कार्लो मारोकेत्ती ह्या शिल्पकाराने घडविलेला, १८४४ मध्ये उभारलेला अश्वारूढ पुतळा आहे. १९८० च्या दशकापासून रात्री-अपरात्री कोणी ना कोणी त्या पुतळ्याच्या मस्तकावर रस्त्यावरील वाहतुकीचा शंकू ठेवतो. पालिका तो काढते, आणि तो पुन्हा येतो. २०१३ मध्ये चौथऱ्याची उंची वाढवून हा प्रकार थांबविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. सत्तेच्या स्मारकाची ही सामूहिक, निनावी आणि सतत चालणारी विरचना आहे, असे तिचे कौतुक होते. ते पुष्कळ अंशी खरे आहे. वीराला विदूषक करणारी ही कृती आतल्या कित्येक कलाकृतींपेक्षा अधिक सार्वजनिक आहे.

पण मराठी वाचकाने ह्या पुतळ्याच्या मस्तकावरून नजर खाली आणावी. चौथऱ्यावर ब्राँझची उठावशिल्पे आहेत. त्यांपैकी एकात वॉटर्लूची लढाई आहे आणि दुसऱ्यात असईची. हे असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले ह्यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक त्या दिवशी ठार वा जखमी झाले आणि त्यांत स्कॉटलंडच्या ७४ व ७८ क्रमांकांच्या हायलँड पलटणींचे लोक होते. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले आणि मराठी सत्तेचा मोठा प्रदेश कंपनीच्या हाती गेला. मराठीत जो पराभव दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचे एक पान म्हणून वाचला जातो, तो ग्लासगोच्या भर चौकात विजयचित्र म्हणून उभा आहे.

ह्या शिल्पमालिकेचे कथन लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. दोन लढायांसोबत आणखी दोन प्रसंग आहेत : सैनिकाचे घरी परतणे आणि शांततेच्या काळातील त्याची नांगरट. म्हणजे पहिला मोठा विजय, अखेरचा विजय आणि मग शेत. विजेत्याच्या कथनात युद्धाचा शेवट नांगरात होतो. असईचे रणही केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या दुआबातल्या शेतांतच झाले होते. पण त्या शेतांत पुन्हा नांगर कोणी धरला, हे सांगणारे उठावशिल्प चौथऱ्यावर नाही आणि असण्याचे कारणही नाही.

येथे शंकूच्या विरचनेची मर्यादा दिसते. शंकू वीराचे मस्तक हास्यास्पद करतो. चौथऱ्यावरचा मजकूर मात्र तो न वाचलेलाच ठेवतो. विनोदाने स्मारकाची भीती जाते, तशीच स्मारकाकडे गंभीरपणे पाहण्याची गरजही जाते. शहर पुतळ्याला हसू लागले की त्याच्याशी हिशेब पूर्ण झाला असे त्याला वाटू शकते. उपहास ही समीक्षेची सुरुवात असू शकते. तिची जागा तो घेऊ शकत नाही. त्या तुलनेत २०२२ मध्ये ग्लासगो नगर परिषदेने उचललेले पाऊल रूक्ष, पण अधिक समीक्षात्मक होते. गुलामगिरीशी शहराचा असलेला संबंध तपासणारा, इतिहासकार स्टीफन मलेन ह्यांनी सिद्ध केलेला अहवाल परिषदेने प्रसिद्ध केला आणि जाहीर क्षमा मागितली. अहवालात नावे असतात, रकमा असतात, वास्तू असतात. तो पुतळ्याच्या मस्तकाकडे पाहत नाही, चौथऱ्याकडे पाहतो.

५

हे सारे ग्लासगोचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. १९९६ ह्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली. १९११ मधील ह्या सभागृहाचे वास्तुकार जॉर्ज विटेट स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते. रोमी खोसला ह्यांनी त्याच्या अंतर्भागाचे रूपांतर अर्धवर्तुळाकार मजल्यांच्या दालनात केले. म्हणजे एकाच वर्षी दोन बंदरी शहरांनी आपापल्या जुन्या नागरी वास्तूत आधुनिक कला नेऊन ठेवली. महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा उगम ज्या संस्थेत शोधला जातो ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टही १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्या देणगीतून सुरू झाले. जीजीभॉय ह्यांच्या संपत्तीत चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्या व्यापारातील त्यांचे सहकारी जार्डिन व मॅथिसन हे स्कॉटिश होते. ग्लासगोला तंबाखू होता, मुंबईला अफू.

मराठी कलासमीक्षेने कलाकृतीच्या लयीचा, आकाराचा, आशयाचा विचार समृद्धपणे केला आहे. सौंदर्यशास्त्राची तिची परंपरा भरीव आहे. तथापि ज्या वास्तूत, ज्या देणगीतून, ज्या व्यापाराच्या पोटातून आधुनिक मराठी दृश्यकला जन्मली त्या वास्तूंचे वाचन तिने क्वचितच केले आहे. दानशूरतेची स्तुती किंवा वसाहतवादाचा निषेध ह्या दोन तयार वाक्यांपलीकडे जाऊन दान आणि नफा, सौंदर्य आणि श्रम, विनामूल्य आणि मूल्य ह्यांचा एकाच दगडात असलेला सांधा दाखविणे तिला अजून करावयाचे आहे. असा सांधा दाखविल्याने कलाकृती कमी प्रतीच्या ठरत नाहीत, आणि दार बंद करावे असेही सिद्ध होत नाही. उलट ग्लासगोच्या तळघरातील वाचकाप्रमाणे तेथे कोणालाही येता यावे. फक्त वर जाताना पायाखालच्या दगडांचा हिशेबही त्याला वाचावयास मिळावा. प्रवेशाइतकाच तो हिशेबही खुला असेल, तेव्हाच 'विनामूल्य' ह्या शब्दातील दुसऱ्या अर्थाला काही उत्तर मिळू शकेल.