क्षीण संकेत आणि मोजणीची रीत

अतिशीत अणूंच्या जोडीला लेसरच्या प्रकाशाने जोडून रेणू घडविण्याचे, म्हणजेच प्रकाशसंयोगाचे, प्रयोग १९९३ पासून यशस्वी होऊ लागले. अशा रेणूंचा वर्णपट नोंदण्याची रूढ रीत अप्रत्यक्ष आहे. रेणू घडले की सापळ्यातील अणू घटतात आणि त्यांच्यापासून येणारा प्रकाश मंदावतो. वर्णरेषा दिसते ती या उणिवेतून. रीत सोपी खरी, परंतु तिची दुर्बलता विवर्धकात नसून मोजणीतच आहे, ही गोष्ट सुधारणांच्या चर्चेत पुष्कळदा नजरेआड होते.

समजा, १०,००० अणूंपैकी १०० घटले. १०,००० ही संख्या मुळातच १०० ने खालीवर होत असते. तेव्हा संकेत व गोंगाट तुल्यबळ ठरतात. त्याच १०० अणूंचे ५० रेणू झाले, त्यांतील १० जरी आयनरूपात एकेक मोजता आले आणि पार्श्वभूमी शून्य असली, तर अनिश्चितता ३ च्या आसपास राहते. चार-पंचमांश रेणू गमावूनही ही रीत तिपटीने सरस!

फ्रान्समधील ऑर्से येथील एमे कोतों प्रयोगशाळेत १९९८ साली सीझियमवर झालेल्या कामाचे मर्म हेच. स्पंदित लेसरने रेणूंचे आयन केले गेले. रेणूचा आयन अणूच्या आयनाहून दुप्पट जड, म्हणून शोधकापर्यंत तो उशिरा पोचतो आणि दोहोंची सरमिसळ होत नाही. तथापि हा वर्णपट म्हणजे पहिल्याचीच स्वच्छ प्रत, असे समजणे चूक होय. उत्तेजित रेणू बहुधा फुटून पुन्हा दोन अणूच उरतात. आयनांच्या नोंदीत केवळ स्थिर रेणू देणाऱ्या रेषाच उमटतात, आणि त्यांची उंची आयन करणाऱ्या लेसरच्या तरंगलांबीवरही अवलंबून असते. त्या उंचीवरून संयोगाचा वेग काढणे धोक्याचे आहे.

लॉक-इन विवर्धकाची उपयुक्तता निर्विवाद आहे. लेसरची कंपनसंख्या ठराविक तालात हालवून त्याच तालाचा संकेत वेचल्यास संथ चढउतार बाजूस पडतात. पण कालस्थिरांक वाढवून मिळविलेल्या स्वच्छतेची किंमत असते. लेसर सेकंदास १० मेगाहर्ट्झ सरकत असेल आणि कालस्थिरांक ०.१ सेकंद असेल, तर रेषा सुमारे १ मेगाहर्ट्झ पुढे ढळते. सीझियमच्या संबंधित अणुरेषेची नैसर्गिक रुंदी जेमतेम ५ मेगाहर्ट्झ आहे. सापळा पुन्हा भरण्यास लागणारा वेळही रेषेला तिरपी करतो, तो निराळाच. दोन्ही दिशांनी नोंद घेतल्यास ही ढळ तत्काळ उघड होते. संकेत-गोंगाट गुणोत्तर सुधारल्याचा दावा करताना सरकण्याचा वेग आणि कालस्थिरांक सांगितलेला नसेल, तर त्या रेषांवरून काढलेल्या बंधन-ऊर्जेचे शेवटचे आकडे ग्राह्य धरता येत नाहीत.